चिमण्या खरंच संपत चालल्या आहेत का? उत्तर शोधणारी हजारो हौशी माणसं आणि त्यांची पक्षीगणना

दरवर्षी २० मार्च जवळ आला की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज फिरू लागतो. चिमण्या नामशेष होत आहेत, मोबाईल टॉवरच्या लहरींनी त्या मरत आहेत, पुढच्या पिढीला चिऊताई फक्त गोष्टीत दिसेल, अशा आशयाचा. आपण तो वाचतो, हळहळतो आणि चार ग्रुपवर पुढे ढकलतो.

पण थांबून एक साधा प्रश्न विचारा. चिमण्या कमी झाल्या हे कुणी मोजलं? आणि मोजलं असेल तर कसं?

वाघांसारखे कॅमेरे लावून देशभरातल्या चिमण्या मोजता येत नाहीत. सरकारकडे त्यासाठी माणसं नाहीत आणि शास्त्रज्ञांकडे तेवढा वेळ नाही. तरीही आज भारतातल्या शेकडो पक्ष्यांची संख्या वाढतेय की घटतेय, हे बऱ्याच खात्रीने सांगता येतं. याचं श्रेय जातं ते सकाळी दुर्बीण घेऊन बाहेर पडणाऱ्या शिक्षकांना, बँकेतल्या कर्मचाऱ्यांना, कॉलेजच्या पोरांना, निवृत्त आजोबांना. त्यांना पगार मिळत नाही. पण त्यांच्या नोंदींवर देशाचे पक्षी-अहवाल उभे राहतात.

या पद्धतीला ‘नागरिक विज्ञान’ किंवा ‘लोकविज्ञान’ म्हणतात. ते चालतं कसं, त्यातून काय कळलं आणि त्यावर विश्वास का ठेवायचा, ते पाहू.

नागरिक विज्ञान म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, शास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी ठरलेल्या पद्धतीने निरीक्षणं नोंदवायची आणि ती सगळी एका जागी जमा करून त्यातून शास्त्रीय निष्कर्ष काढायचे.

यातला ‘ठरलेल्या पद्धतीने’ हा भाग महत्त्वाचा आहे. अंगणात भारद्वाज दिसला, फोटो काढला, स्टेटसला टाकला, हे झालं निसर्गप्रेम. तोच भारद्वाज कुठे, कधी, किती वेळाच्या निरीक्षणात आणि आणखी कोणकोणत्या पक्ष्यांसोबत दिसला हे लिहून ठेवलं, की ती नोंद विज्ञानाच्या कामाची होते.

पक्षी यासाठी सर्वात सोयीचे. ते दिवसा दिसतात, आवाज करतात, शहरातही असतात आणि त्यांना ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. म्हणून जगभर नागरिक विज्ञानाचे सर्वात मोठे उपक्रम पक्ष्यांचेच आहेत.

सुरुवात झाली बंदूक बाजूला ठेवून

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नाताळात एक खेळ चालायचा. लोक दोन गटांत विभागून रानात जायचे आणि दिसेल तो पक्षी-प्राणी मारायचे. संध्याकाळी ज्याचा ढीग मोठा, तो गट जिंकला.

न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’मधले पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली एक पर्याय सुचवला. या नाताळात पक्षी मारू नका, मोजा. त्यांच्या हाकेला प्रतिसाद देऊन २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले आणि सुमारे ९० जातींची नोंद झाली.

ही ‘ख्रिसमस बर्ड काउंट’ आजही सुरू आहे. आता ती दोन हजारांहून जास्त ठिकाणी होते. प्रत्येक ठिकाणी सुमारे २४ किलोमीटर व्यासाचं एक वर्तुळ आखलेलं असतं आणि त्या वर्तुळातले पक्षी एका दिवसात मोजले जातात. १९६६ पासून अमेरिकेत उन्हाळ्यातल्या विणीच्या काळातही अशीच गणना सुरू झाली. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे आणि त्यावर दरवर्षी फिरणारे स्वयंसेवक.

याचं मोल कळायला काही दशकं जावी लागली. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी मुख्यतः या नोंदींच्या आधारे एक हिशेब मांडला. १९७० नंतर उत्तर अमेरिकेतले जवळपास ३०० कोटी पक्षी, म्हणजे दर दहातले सुमारे तीन, कमी झाले होते. त्यात दुर्मीळच नव्हे, तर रोज दिसणारे साधे पक्षीही मोठ्या संख्येने होते. रोज दिसणारी गोष्ट हळूहळू कमी होत असेल, तर ती डोळ्यांना जाणवत नाही. ती फक्त वहीत दिसते.

भारतात हे कधीपासून सुरू झालं?

पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईतली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ १८८३ सालची. डॉ. सालिम अली यांच्यामुळे पक्षीनिरीक्षण घराघरांत पोहोचलं. पण देशभर एकाच वेळी, एकाच पद्धतीने मोजणी ही नंतरची गोष्ट.

त्यातले काही टप्पे असे:

आशियाई पाणपक्षी गणना (१९८७ पासून): दर जानेवारीत तलाव, धरणं, खाड्या आणि दलदलींवरचे पक्षी मोजले जातात. जानेवारीच का? तर उत्तरेकडून आलेले बदकं, चिखलपक्षी असे हिवाळी पाहुणे तेव्हा आपल्याकडे मुक्कामाला असतात आणि पाण्यावर एकत्र दिसतात. १९६७ पासून सुरू असलेल्या जागतिक पाणपक्षी गणनेचा हा भाग आहे.

मायग्रंटवॉच (२००७): स्थलांतर करून येणारे पक्षी आपल्या भागात पहिल्यांदा कधी दिसले, एवढंच कळवा, असं आवाहन बेंगळुरूच्या ‘राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रा’तून झालं. यातली सर्वात गाजलेली मोहीम चातकाची. चातक पावसाची वाट पाहतो आणि तो आला की पाऊस येतो, ही समजूत आपल्याकडे शतकानुशतकं आहे. उत्तर आणि मध्य भारतात दिसणारे चातक उन्हाळ्याच्या शेवटी आफ्रिकेकडून येतात. मग त्यांचं येणं आणि मान्सूनचं पुढे सरकणं खरोखर जुळतं का, हे लोकांच्या नोंदी नकाशावर मांडून पाहता येऊ लागलं. कवितेतला पक्षी असा आकडेवारीत आला.

ई-बर्ड आणि ‘बर्ड काउंट इंडिया’: अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने ‘ऑडुबॉन’ संस्थेसोबत २००२ मध्ये ‘ई-बर्ड’ सुरू केलं. आज ते पक्षीनोंदींचं जगातलं सर्वात मोठं भांडार आहे. २०२१ मध्ये त्यावरच्या नोंदींनी १०० कोटींचा टप्पा ओलांडला. भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ हा संस्था आणि पक्षीनिरीक्षक गटांचा समूह त्याला चालना देतो. फेब्रुवारीतली चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ २०१३ पासून भारतातही होते आणि आता भाग घेणाऱ्यांच्या संख्येत आपण जगातल्या आघाडीच्या देशांत असतो. केरळात ओणमला, तमिळनाडूत पोंगलला पक्षीगणना होते. सण आणि मोजणी यांची जोडी तिथे छान जमली आहे.

केरळ पक्षी ॲटलस (२०१५ ते २०२०): नागरिक विज्ञान किती शिस्तीत होऊ शकतं याचं भारतातलं हे सर्वात मोठं उदाहरण. संपूर्ण राज्याचे चौकोन पाडले, त्यातले ठरावीक चौकोन निवडले आणि हजाराहून जास्त स्वयंसेवकांनी पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा अशी मोजणी केली. सुमारे २५ हजार याद्या, तीन लाख नोंदी आणि ३६१ जाती जमा झाल्या. आपल्याला आवडेल तिथे नव्हे, तर चौकोन सांगेल तिथे जायचं, हा नियम होता. मग तो चौकोन रबराच्या मळ्यात असो की भर बाजारात.

महाराष्ट्रात काय चालतं?

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ असतो. ‘अरण्यऋषी’ मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखा जोडून राज्य सरकारने २०२० पासून हा सप्ताह अधिकृतपणे सुरू केला. त्या आठवड्यात शाळा-कॉलेजांतून, तलावांवरून पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्या निघतात. ‘महाराष्ट्र पक्षीमित्र’सारखी संघटना जिल्ह्याजिल्ह्यांतल्या निरीक्षकांना एकत्र आणते. भिगवण, नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी, ठाणे खाडी ही हिवाळ्यातल्या मोजणीची नेहमीची ठिकाणं.

एक यादी बनते कशी?

समजा तुम्ही गावाजवळच्या तलावावर गेलात. ई-बर्डच्या ॲपमध्ये यादी सुरू केली. आता चार गोष्टी नोंदवल्या जातात.

१. जागा: नेमकं ठिकाण. ‘पुणे’ असं लिहून उपयोग नाही, तलावाचं ठिकाण हवं.

२. वेळ: सुरुवात कधी केली आणि किती मिनिटं पाहिलं. किमान १५ मिनिटं असावीत, असं सांगितलं जातं.

३. अंतर: एका जागी उभे होता की चालत होता? चाललात तर किती?

४. संख्या: प्रत्येक जातीचे किती पक्षी. ‘खूप’ चालत नाही. थव्यात ७० की ८० नक्की कळत नसेल तर अंदाज लिहायचा, पण आकडा लिहायचा.

शेवटी ॲप एक प्रश्न विचारतं: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी यात लिहिलेत का? ‘हो’ म्हणालात की ती ‘पूर्ण यादी’ होते.

सगळा खेळ या प्रश्नात आहे. तुम्ही फक्त देखणा खंड्या लिहिला आणि कावळा, पारवा, साळुंकी गाळली, तर कावळे तिथे नव्हते की तुम्ही लिहिले नाहीत, हे कुणालाच कळणार नाही. पूर्ण यादीत मात्र ‘न दिसणं’ हीसुद्धा माहिती ठरते. चिमणीचं नाव नाही याचा अर्थ त्या वेळात तिथे चिमणी आढळली नाही.

मग हिशेब असा होतो. समजा एका जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी १०० पूर्ण याद्या आल्या आणि त्यातल्या ६० मध्ये चिमणी होती. आज १,००० याद्या येतात आणि ४०० मध्ये चिमणी आहे. नुसत्या नोंदी मोजल्या तर चिमण्या ६० वरून ४०० झाल्या, म्हणजे वाढल्याच! पण प्रमाण पाहिलं तर ६० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आल्या. वाढले ते पक्षी पाहणारे, चिमण्या नव्हे. शास्त्रज्ञ हे प्रमाण बघतात आणि त्यात यादीची लांबी, ऋतू, परिसर यांचा फरकही धरतात.

हौशी माणसांच्या नोंदींवर भरवसा कसा ठेवायचा?

हा प्रश्न रास्त आहे. चुका होतातच. घारीला गरुड म्हणणारे खूप आहेत. त्यासाठी काही चाळण्या असतात.

पहिली चाळणी संगणकाची. प्रत्येक भागासाठी आणि प्रत्येक महिन्यासाठी कोणता पक्षी किती संख्येपर्यंत अपेक्षित आहे, हे आधीच ठरवलेलं असतं. चक्रवाक हे हिवाळी पाहुणे. कुणी ते भर जूनमध्ये नोंदवले, तर ॲप तिथेच हटकतं आणि तपशील मागतं.

दुसरी चाळणी माणसांची. त्या त्या भागातले अनुभवी पक्षीनिरीक्षक वेगळ्या वाटणाऱ्या नोंदी तपासतात. फोटो किंवा आवाजाची ध्वनिफीत मागतात. खात्री पटली नाही तर ती नोंद सार्वजनिक आकडेवारीत धरली जात नाही. हे तपासनीसही स्वयंसेवकच असतात.

तिसरी गोष्ट संख्येची. एखाद्याने बुलबुलाच्या दोन जातींत गल्लत केली तरी हजारो याद्यांमध्ये ती चूक विरून जाते. मात्र सगळेच एकाच प्रकारची चूक करत असतील तर ती विरत नाही. म्हणूनच पद्धत ठरलेली असावी लागते.

एवढं मोजून कळलं काय?

या नोंदींवर आधारित ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल पहिल्यांदा २०२० मध्ये आला. सुमारे १५,५०० निरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदींवरून त्यात ८६७ जातींचा अभ्यास होता. २०२३ च्या दुसऱ्या अहवालात निरीक्षक झाले सुमारे ३० हजार, नोंदी सुमारे तीन कोटी आणि जाती ९४२. १३ संस्थांनी मिळून हा अहवाल तयार केला.

२०२३ च्या अहवालातले ठळक मुद्दे:

– ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला. त्यातल्या २०४ म्हणजे सुमारे ६० टक्के जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि फक्त ३६ वाढल्या.

– अलीकडच्या वर्षांतला कल ३५९ जातींसाठी काढता आला. त्यातल्या १४२ घटत आहेत आणि त्यातही ६४ वेगाने.

– १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, असं अहवाल सांगतो.

वाढणारे कोण? मोर, कोकीळ, पारवे, कावळे. म्हणजे माणसाच्या आसपास, मिळेल ते खाऊन, कुठेही जगू शकणारे. घटणारे कोण? शिकारी पक्षी, हिवाळी पाहुणे आणि विशिष्ट अधिवासावर अवलंबून असणारे. आपल्याकडे सहज दिसणारा नीलपंखही घटणाऱ्यांत आहे. जगाच्या धोका-यादीत त्याचा नव्याने विचार व्हावा, अशी शिफारस अहवालाने केली आहे.

महाराष्ट्रासाठी यातला सर्वात बोचरा मुद्दा माळरानांचा आहे. गवताळ माळावर राहणारे पक्षी देशभर घटत आहेत. माळढोक आता देशात दीडशेहून कमी उरला असावा, असे अंदाज आहेत. एकेकाळी त्याच्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरच्या नान्नजमध्येही तो अगदी क्वचित दिसतो. आपल्या सरकारी कागदावर आणि बोलण्यातही माळ म्हणजे ‘पडीक जमीन’. तिथे झाडं लावणं म्हणजे पुण्यकर्म. पण माळावर जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यासाठी दाट झाडी म्हणजे घर मोडणं. हे केवळ भावनेने पटवता येत नाही, त्याला आकडे लागतात.

मग चिमणीचं काय?

आता सुरुवातीच्या मेसेजकडे येऊ. २० मार्चचा ‘जागतिक चिमणी दिन’ २०१० पासून साजरा होतो आणि त्याची सुरुवात करण्यात नाशिकच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’चा मोठा वाटा आहे. चिमणीबद्दलची काळजी खोटी नव्हती.

२०२० च्या अहवालाने सांगितलं ते असं: गेल्या २५ हून अधिक वर्षांचा देशभराचा विचार केला तर चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. मोठ्या महानगरांत मात्र ती हळूहळू घटली आहे. आणि मोबाईल टॉवरच्या लहरींमुळे चिमण्या मरतात, याचा ठोस पुरावा जगभरात कुठेही नाही. शहरातल्या घटीची संभाव्य कारणं वेगळी आहेत. पिल्लांना भरवायला लागणारे किडे कमी झाले आणि घरट्यासाठी वळचणी, कोनाडे, कौलांच्या फटी उरल्या नाहीत.

म्हणजे शहरात राहणाऱ्याला ‘चिमण्या गेल्या’ असं वाटलं ते चूक नव्हतं. पण त्याने आपल्या सोसायटीवरून अख्ख्या देशाचा निष्कर्ष काढला. आणि टॉवरवर खापर फोडून सगळे मोकळे झाल्याने किडे आणि वळचणी यांच्याकडे लक्षच गेलं नाही. कारण चुकलं की उपायही चुकतो.

मोजल्याने निर्णय बदलतात का?

बदलू शकतात. दोन उदाहरणं पाहू.

पहिलं पाणथळ जागांचं. एखाद्या तलावाला ‘रामसर स्थळ’ असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळण्याचे जे निकष आहेत, त्यातला एक असा: तिथे नियमितपणे २० हजार किंवा जास्त पाणपक्षी असावेत. दुसरा असा: एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी किमान एक टक्का पक्षी तिथे असावेत. हे आकडे वर्षानुवर्षांच्या गणनेतूनच मिळतात. थंडीत पहाटे खाडीवर कुडकुडत मोजलेले आकडे असे थेट सरकारी कागदावर येतात. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. त्यानंतर लोणार आणि ठाणे खाडी.

दुसरं उदाहरण गिधाडांचं. ती मोजणी शास्त्रज्ञांनी केली होती, पण धडा सगळ्यांसाठी आहे. एकेकाळी गिधाडं इतकी सर्रास होती की ती मोजावीत असं सहसा कुणाला वाटत नसे. सुदैवाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्याने फिरून केलेली शिकारी पक्ष्यांची एक मोजणी हाताशी होती. २००० च्या सुमारास तीच मोजणी पुन्हा केली आणि घसरण पाहून अभ्यासक हादरले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली होती. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यामागे होतं. २००४ मध्ये ते सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. जुना आकडा नसता तर ‘पूर्वी जास्त दिसायची बुवा’ एवढंच म्हणता आलं असतं.

पक्ष्यांपलीकडे काय मोजलं जातं?

बरंच काही. ‘आयनॅचरलिस्ट’ या व्यासपीठावर कोणत्याही सजीवाचा फोटो टाकता येतो आणि जाणकार तो ओळखायला मदत करतात. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाईफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातले लोक ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर फिरून समुद्री गोगलगायी, खेकडे, प्रवाळ अशांच्या नोंदी यावरच करतात. गढूळ म्हणून नाक मुरडल्या जाणाऱ्या मुंबईच्या समुद्रात केवढी जीवसृष्टी आहे, हे त्यातून लोकांसमोर आलं.

फुलपाखरांसाठी सप्टेंबर महिना राखलेला असतो. झाडांना पालवी, फुलं, फळं कधी येतात याच्या नोंदी ‘सीझनवॉच’ उपक्रमात होतात. त्यात शाळकरी मुलंही भाग घेतात. तर रत्नागिरीच्या वेळासमध्ये ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेच्या पुढाकाराने गावकरी सागरी कासवांची घरटी शोधतात, राखतात आणि अंडी-पिल्लांची मोजदाद ठेवतात.

बुद्धपौर्णिमेची प्राणीगणना आणि व्याघ्रगणना एकच का?

नाही. इथे खूप जणांचा गोंधळ होतो.

वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत स्वयंसेवक पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून पाण्यावर येणारे प्राणी मोजतात. दुसऱ्या दिवशी ‘अमुक अभयारण्यात इतके बिबटे, इतकी अस्वलं’ अशा बातम्या येतात. पण तोच प्राणी दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतो आणि दोनदा मोजला जाऊ शकतो. काही प्राणी त्या रात्री येतच नाहीत. म्हणून या आकड्यांवरून जंगलातली एकूण संख्या सांगता येत नाही. जंगलाची ओळख करून देणारा अनुभव म्हणून त्याचं मोल आहेच. वनविभागही आता त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतो.

व्याघ्रगणना वेगळी. पूर्वी ती पावलांच्या ठशांवरून व्हायची. २००४-०५ मध्ये राजस्थानच्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता, हे उघड झालं. त्यानंतर पद्धत बदलली. आता दर चार वर्षांनी कॅमेरे लावतात आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखतात. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखेच प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. २०२२ च्या अंदाजानुसार देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ होते.

नागरिक विज्ञानाच्या मर्यादा

– नोंदी असमान असतात. शहरांजवळ, रस्त्यालगत आणि प्रसिद्ध तलावांवर भरपूर, दुर्गम तालुक्यांतून तुरळक. रविवारी जास्त, बुधवारी कमी.

– दुर्मिळाचा मोह असतो. वेगळा पक्षी आला की शंभर जण तिथे धावतात, कावळ्यासाठी कुणी जात नाही.

– रात्रीचे आणि लपणारे जीव निसटतात. घुबडं, रातवे अशा पक्ष्यांच्या नोंदी नेहमीच कमी भरतात.

– घट कळते, कारण कळत नाही. पक्षी कमी झाले हे यादी सांगते. का झाले, यासाठी वेगळा अभ्यास लागतो.

तुम्हाला भाग घ्यायचा असेल तर?

दुर्बीण नसली तरी चालेल. सुरुवात अशी करा.

१. घराजवळची एक जागा निवडा. गच्ची, बाग, शेताचा बांध, एसटी स्टँडमागचं वडाचं झाड, काहीही.

२. आधी रोजचे १५ पक्षी पक्के करा: कावळा, चिमणी, पारवा, साळुंकी, बुलबुल, कोतवाल, दयाळ, खंड्या, वेडा राघू, घार, पोपट, भारद्वाज, शिंपी, टिटवी, गायबगळा.

३. ई-बर्ड ॲप मोफत आहे. ओळखायला ‘मर्लिन’ ॲप मदत करतं. पण आवाजावरून त्याने सुचवलेलं नाव डोळ्यांनी किंवा कानांनी खात्री केल्याशिवाय लिहू नका.

४. १५ मिनिटं पाहा, ओळखलेलं सगळं लिहा. न ओळखलेला पक्षी अंदाजाने लिहू नका. ‘ओळखला नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे.

५. त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. वर्षातून एकदा ताडोबाची यादी करण्यापेक्षा दर आठवड्याला आपल्या गल्लीची यादी जास्त कामाची.

घरात कुणाची पक्षीनिरीक्षणाची जुनी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. तारीख, जागा आणि पक्ष्यांची नावं असतील तर त्या नोंदी आजही ई-बर्डवर टाकता येतात. २००० सालापूर्वीच्या नोंदी फार थोड्या आहेत आणि तुलना नेमकी त्यांच्याशीच करायची असते.

वर्षाचं वेळापत्रक: जानेवारीत पाणपक्षी गणना. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. मे आणि ऑक्टोबरमधल्या एकेका शनिवारी जागतिक ‘बिग डे’. सप्टेंबरमध्ये फुलपाखरं. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. नेमक्या तारखा दरवर्षी आधी जाहीर होतात.

आणि हे करू नका

घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका. आई-बाप उडून गेले की अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना घरट्याचा पत्ता लागतो. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या काळात तो त्याला शत्रूचा आवाज वाटतो आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे, घुबड, माळढोक किंवा कोणत्याही दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचं नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका. अंधश्रद्धेपोटी घुबडांची चोरटी शिकार होते आणि दिवाळीच्या आसपास ती वाढते. तुमची पोस्ट पक्षीप्रेमींइतकीच शिकाऱ्यांनाही दिसते. ई-बर्डवर अशा संवेदनशील जातींच्या जागा सर्वांना दिसणार नाहीत अशी सोय आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ती काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

पुढच्या २० मार्चला तो मेसेज पुन्हा येईल. तो पुढे पाठवायला पाच सेकंद लागतात. खिडकीत उभं राहून आपल्या गल्लीत किती चिमण्या आहेत हे मोजून नोंदवायला १५ मिनिटं. आणखी वीस वर्षांनी चिमण्यांचं काय झालं असं कुणी विचारलं, तर उत्तर त्या १५ मिनिटांतूनच मिळणार आहे.